तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबईला का नाही गेलात?

लग्नात विचारता, बँकेत विचारता, परवा रिक्षातसुद्धा विचारलंत. पोराला हिमोफिलिया आहे, म्हणजे रक्त लवकर न गोठण्याचा आजार, तर सगळं उचलून मुंबईला का नाही गेलात? तिथे केईएम हॉस्पिटल आहे.

आहे ना. निदान तिथेच झालं, ते उपकार विसरणार नाही. पण हा आजार सहा महिन्यांनी दाखवायचा नाही. सांध्यात रक्त उतरू लागलं की दोनेक तासांत फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं औषध, शिरेतून जायला हवं. मुंबई आमच्यापासून एका रात्रीवर.

तो सहा वर्षांचा होता. गणपतीचे दिवस, रात्रीचे साडेअकरा. उजवा गुडघा नारळाएवढा, कातडी ताणून चकाकत होती. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचलो, तर दुखणं थांबावं म्हणून डॉक्टरांनी कमरेत द्यायचं इंजेक्शन भरलं. मी ओरडले, "स्नायूत नको! आत रक्त साचेल!" हिमोफिलियाचं कार्ड पुढे केलं, तेव्हा थांबले. फॅक्टर होतं. स्टोअरच्या फ्रीजमध्ये. किल्ली फार्मासिस्टकडे, आणि ते गावी. दाराच्या काचेतून मला फ्रीजचा हिरवा दिवा दिसत होता. मी रात्रभर त्या दिव्याकडे बघत बसले. सकाळी सव्वानऊला कुलूप उघडलं. सिस्टर बाटली खळखळ हलवायला लागल्या. "हलवू नका, तळहातात हळू फिरवा," हेही मीच सांगितलं. पोराचं रडणं तोवर थांबलेलं. तो गुडघा आजही पूर्ण सरळ होत नाही.

त्यानंतर अर्ज सुरू केले. "जिल्ह्यात पेशंटच किती, साठा कशाला?" हे उत्तर ऐकलं आणि मला कळलं: जो सोयीसाठी शहरात जातो, त्याचं नाव इथल्या रजिस्टरमधून जातं. मग मागे उरलेल्यांसाठी कोण मागणार? २०१६च्या अपंग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे, पण कायदा काही रात्री कुलूप उघडत नाही. चार वर्षांनी बाटल्या कॅज्युअल्टीच्या फ्रीजमध्ये आल्या. मार्चमध्ये अजूनही संपतात.

पण खरं सांगते, तेव्हा एवढं थोर काही मनात नव्हतं. वसईत खोली बघितली होती, डिपॉझिट झेपलं नाही. बाकीची पोरं, रजिस्टर, हे सगळं नंतर सुचलं. गेल्या वर्षी लेकानेच विचारलं, "त्या रात्री आपण मुंबईत असतो तर?" तर गुडघा बहुतेक वाचला असता. त्याला तसंच सांगितलं.

दहावीनंतर पनवेलला शिकायला जाईन म्हणतो. मी खोल्या बघून आले आहे.