आजोबांच्या नावातलं ‘टी’

सासूबाईंच्या आजोबांच्या थडग्यावरच्या दगडावर कोरलंय: योहान टी., पुढे आडनाव, खाली १८७२ आणि १९५४. त्या ‘टी’चा अर्थ सासूबाईंना आयुष्यभर कुणी सांगितला नव्हता. लहानपणी वडिलांना विचारलं की ते म्हणायचे, ‘असतं एकेक.’ सासूबाई आता एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. मार्चमध्ये त्यांनी मला फोन केला आणि म्हणाल्या, ‘मला मरायच्या आधी हे एक अक्षर कळायला हवं. तू गाडी चालवशील का?’

मी नाशिकची, लग्नानंतर कॅनडात रिजायनाला आलेली. सासरचे लोक मेनोनाइट, एका जुन्या ख्रिस्ती पंथाचे. आडनावं मी इथे लिहीत नाही, सासूबाईंनी तशी अटच घातली आहे. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून जुलैत आम्ही दोघीच निघालो. रिजायना ते विनिपेग ५७० किलोमीटरचा सरळसोट रस्ता आणि दोन्ही बाजूंना पिवळीधमक कनोला. आमचा सस्कॅचवान प्रांत उन्हाळ्यातही घड्याळं बदलत नाही, त्यामुळे शेजारच्या मॅनिटोबा प्रांताची हद्द ओलांडताना एक तास गेला. प्रवासाबद्दल एवढंच. रात्रीच्या मोटेलबद्दल तर काहीच लिहावंसं वाटत नाही. गादी मध्यभागी इतकी खोल होती की सासूबाई सकाळी भिंतीला धरून उठल्या आणि त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. पैसे मोजून वयस्कर बाईला असं झोपवतात, याचा मला अजून राग आहे.

आता त्या ‘टी’चा घोळ काय ते सांगते. आपल्याकडे मधलं नाव बापाचं असतं. मॅनिटोबातल्या जुन्या मेनोनाइटांत मधे आईच्या माहेरच्या आडनावाचं पहिलं अक्षर लावायची पद्धत होती. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आवडलं. बाई सासरी गेली तरी तिचं माहेर मुलाच्या नावात एका अक्षरापुरतं का होईना, उरतं. पण घरच्या छापील वंशावळीत योहानची आई म्हणून हेलेना आहे, आणि हेलेनाचं माहेरचं आडनाव ‘एफ’वरून. मग ‘टी’ कुठून आलं?

दुसरी गोष्ट आणखी अवघड होती. चर्चच्या वहीत योहानचा जन्म मार्च १८७२ चा, आणि त्याच घरातल्या काटारिनाचा ऑक्टोबर १८७१ चा. दोघांत पाच महिन्यांचं अंतर. कुठल्या बाईला पाच महिन्यांच्या अंतरानं दोन मुलं होतात? रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, त्यात आणि आपल्या तारखांत बारा दिवसांचा फरक. पण बारा दिवसांनी इथे काय होणार? वंशावळीचं पुस्तक १९७८ मध्ये कुटुंबाच्या मेळाव्यासाठी छापलं, त्यात कुणीतरी काटारिनाचं साल गुपचूप १८७० करून टाकलं होतं. पुढच्या सगळ्यांनी तेच उतरवून घेतलं. इंटरनेटवरच्या डझनभर वंशवृक्षांत ते १८७० तसंच बसलंय, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा दाखला देतो.

या लोकांची थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. मेनो सायमन्स हा फ्रीसलंडचा कॅथलिक धर्मगुरू, त्यानं १५३६ मध्ये ते पद सोडलं. त्याच्या नावावरून हे मेनोनाइट. हत्यार धरायचं नाही आणि बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यायचा, हे त्यांचं मुख्य. हॉलंडच्या बाजूचे लोक आधी डान्झिगजवळ (आजच्या पोलंडमधलं ग्दान्स्क) विस्तुला नदीच्या मुखाशी गेले, १७८९ पासून दक्षिण रशियात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये. तिथे १८७४ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आला, तेव्हा त्या सुमाराला सात हजारांच्या आसपास लोक मॅनिटोबात आले. सासूबाईंचे पूर्वज मारिउपोलच्या परिसरातल्या बेर्गथाल वसाहतीतले. पाच गावांची ती वसाहत जवळजवळ सगळीच्या सगळी उठून इकडे आली.

तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा नाही, म्हणून बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबाप शोधायची सोय नाही. त्यात नावं मोजकी. योहान, पेटर, याकोब, हाइनरिख. काटारिना, मारिया, हेलेना. एक मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव. योहानच्या वडिलांचं नाव हाइनरिख, आणि बेर्गथालच्या वहीत त्याच नावाआडनावाचे तीन हाइनरिख आहेत. त्यातल्या एकाची बायको १८७२ मध्ये वारलेली. तो आपला का दुसऱ्याचा, हे ठरवायला काहीच नव्हतं.

डीएनए चाचणीही करून झाली होती. सासूबाईंना शेकड्यांनी चुलत-मावस नातेवाईक निघाले, सगळे जवळचे वाटावेत असे. तीनशे वर्षं आपापसातच लग्नं झाल्यावर प्रत्येक जण प्रत्येकाचा चार बाजूंनी नातलग लागतो. आईकडून येणारा डीएनएही इथे उपयोगाचा नव्हता, कारण तो योहानला मिळाला तरी योहानकडून त्याच्या मुलांना जात नाही. पुरुषापाशी तो धागा तुटतो.

मेनोनाइट हेरिटेज आर्काइव्ह्ज, म्हणजे या लोकांच्या जुन्या कागदपत्रांचं दफ्तर, विनिपेगमध्येच, कॅनेडियन मेनोनाइट युनिव्हर्सिटीच्या आवारात आहे. पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल आत न्यायची. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘वाइझनआम्ट बघितलंत का?’

वाइझनआम्ट म्हणजे अनाथांची कचेरी. या लोकांची ही जुनी व्यवस्था. नवरा किंवा बायको वारली की घरातल्या चीजवस्तूंची मोजदाद व्हायची. निम्मं मागे राहिलेल्याचं, निम्मं मुलांचं, मुलगा-मुलगी सारखे वाटे. (आपल्याकडे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका हक्क देणारा महाराष्ट्राचा कायदा १९९४ चा, हे मला तिथे बसल्याबसल्या आठवलं.) अल्पवयीन मुलांवर पालक नेमायचे, त्यांचा वाटा कचेरीत व्याजानं ठेवायचा आणि मूल एकवीस वर्षांचं झालं की हिशेबानं हातात द्यायचा. विधुराला किंवा विधवेला दुसरं लग्न करायचं असेल तर आधी ही वाटणी पुरी झाली पाहिजे. बिजवरानं नवी बायको आणली म्हणून पहिलीच्या पोरांचा घास जाऊ नये, एवढाच त्यामागचा विचार.

खातेवही जर्मनच्या जुन्या वळणात लिहिलेली. त्या लिपीत ई आणि एन जवळजवळ सारखे दिसतात. माझ्या आजोबांकडे जमिनीचे मोडीतले कागद होते, वाचता न येणारे कागद घरात असले की कसं वाटतं ते मला ठाऊक आहे. आर्काइव्हच्या बाई बोट वहीपासून जरा वर धरून ओळीवरून सरकवत वाचत होत्या. सासूबाई चष्मा कपाळावर चढवून नुसत्या ऐकत होत्या. पहिला दिवस काहीच मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधी एक पान निघालं.

वर नाव होतं, योहान. हाइनरिखचा मुलगा, गाव तेच, जन्मतारीख तीच. त्याखाली ‘आईकडून आलेला वाटा’. रक्कम आधी रुबलमध्ये, मग आडवी रेघ, मग डॉलरमध्ये. पालक दोघं, त्यातल्या एकाचं आडनाव ‘टी’वरून, आणि त्यापुढे लिहिलेलं, मामा. मग आईचं नाव. बाई थांबल्या, पुन्हा वाचलं आणि सावकाश म्हणाल्या, ‘आगानेटा.’

सासूबाईंनी चष्मा खाली घेतला. पानाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, ‘नेटी आत्या.’

योहानची थोरली मुलगी, सासूबाईंची सगळ्यात मोठी आत्या, तिचं नाव आगानेटा. सगळे तिला नेटी म्हणायचे. हेलेनाच्या माहेरी हे नाव कुणाचंच नव्हतं, आणि हे नाव कुठून आलं असा प्रश्न घरात कुणाला कधी पडला नाही. वहीच्या शेवटच्या ओळीत योहाननं १८९३ मध्ये ४७ डॉलर आणि काही सेंट घेतल्याची नोंद आहे, खाली त्याची सही. त्यानंतर दोन वर्षांनी नेटी आत्या जन्मली. म्हणजे योहानला माहीत होतं. एकवीस वर्षांच्या त्या पोरानं कचेरीत जाऊन आईचे पैसे घेतले, पहिल्या मुलीला तिचं नाव ठेवलं आणि जन्मभर त्याबद्दल बोलला नाही.

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी पेन्सिलनं कागदावर ते नाव उतरवून घेतलं, एकेक अक्षर जपून, चित्र काढावं तसं. म्हणाल्या, ‘ना यो.’ त्यांच्या प्लाउटडिच बोलीत याचा अर्थ ‘असं आहे तर’ असा काहीसा होतो.

नाव हातात आल्यावर बाकीचं भराभर जुळलं. बेर्गथालच्या जुन्या वहीतला १८७२ मध्ये बायको वारलेला हाइनरिख तो आमचाच. आगानेटा मार्चमध्ये गेली, योहान झाल्यावर नवव्या दिवशी. त्याच वहीत हेलेनाचा पहिला नवरा हिवाळ्यात वारल्याची नोंद आहे, त्याची मुलगी काटारिना. हाइनरिख आणि हेलेनाचं लग्न जूनमध्ये झालं. तीन महिन्यांत! मी पटकन म्हणून गेले, किती ही घाई. सासूबाई म्हणाल्या, ‘योहानला काय पाजणार होते, सांग?’

मी गप्प झाले. हेलेनाच्या मांडीवर तेव्हा आठ महिन्यांची मुलगी होती, तिच्या अंगावर दूध होतं. हाइनरिखकडे तीन महिन्यांचं आईविना पोर होतं. हे कुठल्या वहीत लिहिलेलं नाही. मार्च ते जून योहान कुणाच्या दुधावर जगला, तेही नाही. पण माझी नाशिकची आजी दहा दिवसांची असताना तिची आई गेली, आणि तिला तिच्या काकूनं अंगावर पाजलं. आजी त्या काकूला शेवटपर्यंत आई म्हणायची. त्र्यंबकेश्वरी आमच्या उपाध्यायांच्या वहीत आजीच्या आईचंही नाव नाही, कारण तिथे बहुतेक पुरुषांचीच नावं लिहिली जातात. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी टेबलावर माझा हात धरून ठेवला, बराच वेळ.

१८७५ मध्ये हे कुटुंब लिव्हरपूलहून बोटीनं क्वेबेकला उतरलं. प्रवाशांच्या यादीत दोन्ही मुलं हाइनरिखच्या आडनावाखाली, दोघांचं वय ३. कारकुनानं एका घरची म्हणून एका आडनावात घातली. तिथून पुढे दोघं हेलेनाची झाली ती कायमची.

तिसऱ्या दिवशी आम्ही स्टाइनबाखला गेलो. तिथलं मेनोनाइट हेरिटेज व्हिलेज बघण्यासारखं आहे, पवनचक्की २००० मध्ये जळाली होती ती पुन्हा उभी केली आहे, आणि तिथलं बोर्श्ट नावाचं सूप कोबीचं असतं, बीटचं नव्हे. मला लक्षात राहिलं ते शेजारच्या टेबलावरचं म्हातारं जोडपं. त्यांनी सासूबाईंना आडनाव विचारलं, मग गाव, मग आईचं माहेर. थेट आपल्याकडच्यासारखं, ‘तुम्ही कुणापैकी?’ पाच मिनिटांत दोन नाती निघाली. सासूबाईंनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं, ‘माझी पणजी आगानेटा, टी घराण्यातली.’ म्हातारी म्हणाली, ‘मग आपण टीकडूनही लागतो की!’ आणि तिनं आपल्या ताटातलं वेरेनिकी, म्हणजे सारण भरलेलं उकडलेलं मुटकं, उचलून सासूबाईंच्या ताटात वाढलं. माझ्याकडे वळून विचारलं, ‘आणि ही?’ सासूबाई म्हणाल्या, ‘ही माझी.’

दुपारी दफनभूमीत गेलो. खडीचा रस्ता, शेताच्या कडेला तारेचं कुंपण, आणि डास इतके की बोलताना तोंडात जातात. योहानचा दगड आहे. हेलेना १९०३ मध्ये गेली, तिचा दगड नाही. लाकडी खूण होती म्हणतात, ती कधीच कुजली. आगानेटा बेर्गथालच्या मातीत, मारिउपोलकडे, जिथे आज युद्धामुळे कुणाला जाता येत नाही. सासूबाईंनी वंशावळीच्या पुस्तकाचं पान उघडलं, गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि योहानच्या वर आगानेटाचं नाव लिहिलं. हेलेनाचं नाव खोडतील अशी मला भीती होती. त्यांनी ते खोडलं नाही. दोन्ही नावांपासून योहानपर्यंत रेघा काढल्या, दोन्ही सारख्याच जाड.

मग त्यांनी काटारिनाच्या नातीला फोन लावला. ती अल्टोनाला राहते, वय त्र्याऐंशी. लहानपणापासून दोघी एकमेकींना बहीण म्हणतात, आणि आता वहीनं सांगितलं होतं की त्यांच्यात रक्ताचं नातं नाही, म्हणजे निदान या बाजूनं तरी नाही. बोलणं प्लाउटडिचमध्ये चाललं होतं. मला ती बोली अजून नीट येत नाही. मी कुंपणाची तार धरून उभी होते आणि ऐकत होते. आगानेटा हे नाव दोनदा आलं, हेलेना कितीतरी वेळा. मग सासूबाई जरा थांबल्या, आणि पुढच्या वाक्यातला एक शब्द मला कळला, कारण स्वयंपाकघरात तो रोज कानावर पडतो: दूध.

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग ती बोलायला लागली ते थांबेचना. सासूबाई गाडीच्या दाराशी टेकून नुसत्या ‘यो, यो’ म्हणत होत्या, आणि हातातली पेन्सिल त्यांनी तशीच धरली होती.