अण्णांना चहा करता येतो का?

रोजची कामं स्वतःची स्वतः किती जमतात, हे बघायचा सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, फॉर्म काल पुन्हा भरला. सहा महिन्यांपूर्वी १३ होते, आता १७. इथे गुण वाढले की काळजी वाढते. फेफर या संशोधकांची १९८२ची प्रश्नावली आहे ही: १० कामं, प्रत्येकाला ० ते ३. शून्य म्हणजे स्वतः करतात, ३ म्हणजे सगळं दुसऱ्यावर.

अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. डॉक्टरांनी १०० मधून ७-७ वजा करायला सांगितलं, तर ते धाड धाड ६५पर्यंत आले. घरी मात्र लाइटबिल तीन दिवस हातात घेऊन फिरतात. म्हणून हा फॉर्म. तोही अण्णांनी नाही, घरच्यांनी भरायचा.

पाचवा प्रश्न: पाणी तापवणं, चहा-कॉफी करणं, गॅस बंद करणं. एकोणऐंशी वर्षांत हा माणूस गॅससमोर गेला तो उदबत्ती पेटवायला! त्याचीही सोय आहे म्हणा. कधी केलं नाही पण जमेल, तर ०. कधी केलं नाही आणि आता अवघड जाईल, तर १.

"शून्य लिही, जमेल त्यांना," आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या.

"आई, कधी जमलं होतं?"

१९६९ची लॉटन-ब्रॉडी यांची अशीच ८ कामांची यादी आहे. तिच्यात सुरुवातीला पुरुषांची ५च कामं मोजायचे; स्वयंपाक, घरकाम, धुणं वगळून. आमच्या घरात १९६९ अजून संपलेलं नाही.

खरी वादावादी बाजारहाटावरून झाली. गंगेवरचा, म्हणजे आमच्या गोदावरीकाठचा, बुधवारचा बाजार हा अण्णांचा प्रांत. आईंच्या मते १, थोडं जड जातं पण एकटे करतात. गेल्या बुधवारी मी मागोमाग गेले. यादी आईंच्या हातची, पैसे मोजून पाकिटात घातलेले, आणि "देवळात जाते" म्हणून निघालेल्या आई दहा पावलं मागे. मेथीच्या जुड्या दोनदा घेतल्या, तर एक परत करायला याच पुढे. मी २ लिहिला, म्हणजे मदत लागते. आई जेवेपर्यंत बोलल्या नाहीत.

नवऱ्याने पुण्याहून फोनवर सगळीकडे १ सांगितला. "बोलतात की छान!" पाच मिनिटं तर कुणीही छान बोलेल.

चहापुढे पेन्सिलने १ लिहिलाय. आई शून्यावर अडून बसल्यात. डॉक्टरांकडे शुक्रवारी जायचंय.