तुम्ही विचारलंत म्हणून: लोखंडाची भिंत पुरली की झालं का?

"जमिनीत लोखंडाच्या चुऱ्याची भिंत पुरली की दूषित भूजल आपोआप साफ होतं ना?" हा प्रश्न फार वेळा येतो. होतं. पंप नाही, वीज नाही. फक्त पाणी त्या भिंतीतूनच जायला हवं, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

रसायन सोपं आहे. गंजताना लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं. त्यामुळे ट्रायक्लोरोइथिलीन या कारखान्यांत ग्रीस धुवायच्या विषारी द्रावकातला क्लोरीन निघून इथीन-इथेन हे वायू उरतात, आणि विषारी षट्संयुजी क्रोमियम त्रिसंयुजी होऊन तिथेच साका धरतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एलिझाबेथ सिटीत १९९६ साली या दोन्हींसाठी ४६ मीटर लांब, ७.३ मीटर खोल, ०.६ मीटर जाड भिंत घातली.

जाडी कशी ठरवायची? समजा, प्रदूषक लिटरला १००० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणायचंय. म्हणजे सुमारे ८ वेळा निम्मं. निम्मं व्हायला २ तास लागत असतील तर १६ तास. भिंतीतून पाणी दिवसाला ३० सेंटिमीटर सरकत असेल तर २० सेंटिमीटर पुरे, कागदावर! प्रत्यक्षात जमिनीखालचं पाणी प्रयोगशाळेपेक्षा गार असतं, वेग ऋतूप्रमाणे बदलतो, आणि अधेमधे तयार होणारं व्हिनाइल क्लोराइड सावकाश तुटतं. म्हणून दुप्पट-तिप्पट जाडी धरा. चुरा भरलेल्या नळीतून पाणी सोडून निम्मं व्हायचा वेळ मोजतात, ती चाचणीही त्याच जागेच्या पाण्यावर घ्या. शुद्ध पाण्यावरचे आकडे फसवे निघतात.

भिंतीसाठी खणलेला चर ढासळू नये म्हणून त्यात गवारीच्या डिंकाचा घोळ भरतात. नंतर एन्झाइम घालून तो फोडावा लागतो. नीट फुटला नाही तर चुऱ्याची छिद्रं बुजतात आणि पाणी टोकांना वळसा घालून निघून जातं. फार बारीक चुरा वापरला तरी तेच. तळ चिकणमातीच्या थरात रुतवला नाही तर पाणी खालून सटकतं. शिवाय लोखंडामुळे पाण्याचा सामू (पीएच) ९-१० पर्यंत चढतो, जड पाण्यातला चुना प्रवेशाच्या बाजूला बसत जातो; नायट्रेट जास्त असेल तर लोखंड लवकर निष्क्रिय होतं.

तेव्हा निरीक्षण विहिरी फक्त पुढे-मागे नकोत. दोन्ही टोकांना, तळाखाली आणि भिंतीच्या आतही हव्यात. भिंतीतून पाणी बाहेर पडतं त्या बाजूच्या विहिरीत प्रदूषक बराच काळ दिसत राहतं, कारण तिथल्या मातीला आधीच चिकटलेलं हळूहळू सुटत असतं. त्यामुळे भिंत चालतेय का हे आधी आतल्या विहिरीला विचारा.