प्रोफाइलआधी शाईची मर्यादा: माझा अनुभव

लोअर परळच्या आमच्या गाळ्यात चित्रकारांच्या मूळ चित्रांच्या प्रती सुती मॅट कागदावर छापल्या जातात. गेल्या जुलैत नव्या कागदाचे रंग-प्रोफाइल, म्हणजे त्यावर किती शाईने कोणता रंग उमटतो याची नोंद, करण्याचे काम माझ्याकडे आले. रिपमधल्या (चित्राचे शाईच्या प्रमाणांत रूपांतर करून प्रिंटरला देणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) शाईच्या सगळ्या मर्यादा १०० टक्क्यांवर सोडून मी थेट १,६१७ पॅचचा, म्हणजे मोजायच्या रंगचौकोनांचा, चार्ट छापला. जितकी शाई जास्त तितका रंग गडद, आणि उरलेसुरले प्रोफाइल सांभाळून घेईल, असा माझा समज होता.

पहिल्याच प्रतीत समुद्राच्या गडद निळ्यात पट्टे उमटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही काळ्या भागावर फिरवलेले बोट काळे झाले. "दादा, कागद लाटेसारखा उठलाय, प्रिंटरच्या हेडला घासेल," असे मदतनीस मुलाने सांगितले तेव्हा मी काम थांबवले. पावसाळी हवेत शाई उशिरा वाळते हे खरे असले तरी सगळा दोष हवेवर ढकलणे मला पटेना.

मग रंग व्यवस्थापन बंद ठेवून मी प्रत्येक शाईची ५ टक्क्यांच्या पायऱ्यांची पट्टी छापली, ती दिवसभर वाळू दिली आणि रंग मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजली. सायन या निळसर शाईची रंगतीव्रता ७० टक्क्यांपर्यंत वाढत गेली. पुढे ती थबकली आणि छटा जांभळ्याकडे झुकू लागली, इतकी की आलेखावरची रेघ गळासारखी वळलेली दिसत होती. म्हणजे वरची ३० टक्के शाई केवळ कागद भिजवत होती. शिवाय शाईच्या दोन वेगळ्या प्रमाणांची मापे जवळजवळ सारखी आली की एखाद्या रंगासाठी त्यांपैकी कोणते घ्यायचे हे प्रोफाइलच्या सॉफ्टवेअरला धड ठरवता येत नाही. आमच्या पट्ट्यांचे मूळ तिथेच असावे, असे माझे मत झाले. काळ्या शाईसाठी मात्र तीव्रता कामाची नाही, उजळपणा (० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा) पाहावा लागतो, आणि तो ८० टक्क्यांनंतर १७ च्या आसपास अडकला होता. या मर्यादा लावल्यावर लिनिअरायझेशन केले, म्हणजे प्रत्येक शाईच्या पायऱ्या सारख्या अंतराने उमटतील असे जुळवले. ते सरळ पार पडले.

एकाच जागी पडणाऱ्या एकूण शाईचा प्रश्न अधिक चिवट निघाला. चारही शाया पूर्ण ओतल्या तर बेरीज ४०० टक्के होते. कोटेड (लेप दिलेल्या) कागदावरच्या ऑफसेट छपाईसाठी ३३० टक्क्यांची मर्यादा प्रचलित आहे, आणि तीच उचलण्याचा मोह मला झाला होता. पण पाण्यावर आधारलेली शाई पिणाऱ्या मॅट कागदाला ती कशी झेपावी? म्हणून २०० ते ४०० टक्क्यांपर्यंत २० च्या पायरीने गडद चौकोन छापले आणि प्रत्येकाच्या मधोमध कागदाची बारीक पांढरी रेघ कोरी ठेवली. ३०० वर ती रेघ बुजून गेली होती, २६० वर तिच्या कडा फुटल्या होत्या, आणि २४० वर ती स्वच्छ होती. विशेष म्हणजे २४० चा काळेपणा मोजला तर ३०० पेक्षा कमी भरला नाही. २४० ठरवून, करड्या छटांत तीन रंगांऐवजी काळी शाई लवकर वापरण्याची सोय केली आणि चार्ट पुन्हा छापला.

या वेळी समुद्र पट्ट्यांविना उतरला. तेव्हापासून नवा कागद आला की मी आधी पांढऱ्या रेघेचे चौकोन छापतो. मागच्या आठवड्यातल्या कागदावर ती रेघ २६० पर्यंत शाबूत राहिली.