आमची वाटचाल : जिवंत माल विकताना

पिकांच्या रोग-किडींवर जिवंत बुरशी आणि जिवाणूंची जैविक औषधं आम्ही बनवतो आणि विकतो. आमची सुरुवात ट्रायकोडर्मापासून झाली. भाजीपाल्याच्या रोपवाटिकेत रोपं कोलमडतात ती बहुतेक वेळा पिथियम नाहीतर रायझोक्टोनिया या मातीतल्या रोगजंतूंमुळे. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी त्यांच्या तंतूंना वेढे घालते, विकरं सोडून त्यांची पेशीभित्तिका विरघळवते आणि त्यांच्यावरच पोसली जाते. हे सगळं पटवून पाकीट हातात दिलं की ठरलेला प्रश्न यायचा, "रिझल्ट किती दिवसांत?" फवारणीनंतर लगेच फरक बघायची सवय झालेल्याला "रोग यायच्या आधी वापरा" हे सांगणं माल बनवण्यापेक्षा जड गेलं. अजूनही जातं.

म्हणून आम्ही विकण्याआधी चौकशी करायला लागलो. जमिनीत नुकतंच कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक ओतलंय? मग थोडं थांबा, त्यात ट्रायकोडर्मा तग धरत नाही. चांगलं कुजलेलं शेणखत आहे? शंभर किलोत एक किलो मिसळा, सावलीत ओलसर ठेवून आठवडाभर झाका, मधून वरखाली करा आणि मगच वाफ्यात टाका. शेणखतच नसेल तर नुसती भुकटी कोरड्या मातीत टाकून फारसं काही हाती लागत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. गिऱ्हाईक परत जातं कधीकधी.

पुढे स्युडोमोनास हा रोग रोखणारा जिवाणू आणि बिव्हेरिया ही कीड मारणारी बुरशी आली. पण खरा कस लागला तो बीटीच्या, म्हणजे अळ्या मारणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिसच्या वेळी. हा जिवाणू 1901 साली जपानमध्ये आजारी रेशीमकिड्यांत सापडला. त्याचं प्रथिन अळीच्या पोटात गेल्याशिवाय काम करत नाही, म्हणून पानाची खालची बाजूही भिजली पाहिजे. आणि उन्हाने ते लवकर निकामी होतं, म्हणून फवारणी संध्याकाळी. अळी काही तासांत खाणं थांबवते, मरायला मात्र दोन-तीन दिवस घेते. तेवढ्यात लोक दुसरं औषध मारून मोकळे! शिवाय जैविक म्हटलं की कीड त्याला सरावत नाही, हाही एक गोड गैरसमज. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाने बीटीला शेतातच दाद देणं बंद केल्याची नोंद 1990 मध्ये हवाईत झाली. त्यामुळे दर फवारणीला बीटीच मागणाऱ्याला आम्ही औषधांची अदलाबदल करायला लावतो.

प्रत्येक लॉटमधल्या जिवंत सूक्ष्मजीवांची मोजणी करून तारीख छापणं, गोदाम थंड ठेवणं, मुदत संपलेला माल बाजूला काढणं, यात आमचा बराच पैसा जातो. घाऊक सवलत आम्ही ठेवलेलीच नाही. हंगामाला लागेल तेवढंच न्या, पुढच्या वेळी ताजं मिळेल.