उजनीची वाम

आज सोलापूरच्या मासळी बाजारात भीमेवरच्या उजनी धरणातली हातभर वाम पहिल्यांदा नीट निरखली. मावशी म्हणाल्या, "दादा, शेपटीकडनं डोक्याकडं हात फिरवू नका, काटं लागत्यात." पाठीवर तीसेक बारीक, सुटे काटे, सगळे मागं कललेले! दिसायला सापासारखी, पण हा मासाच. ईल नावाच्या सापासारख्या लांबट माशांपैकी खरी ईलसुद्धा नव्हे. दिवसा वाळूत अंग पुरून फक्त सोंड बाहेर ठेवते. रात्री त्याच लवचीक सोंडेनं किडे, गांडुळं, झिंगे, बारके मासे हुडकते. सोंडेच्या टोकाला नळीसारख्या दोन नाकपुड्या! कितीतरी वेळ बघतच राहिलो.

भीमेच्या पात्रात वाळूचे ट्रक भरताना कितीदा पाहिलंय. त्या वाळूत हिचं बिऱ्हाड असतं, हे आज डोक्यात आलं आणि जीव कळवळला.