ग्रानादा: पाण्याच्या प्रवाहाबरोबर चाललेले दोन दिवस

माद्रिदमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत असताना फेब्रुवारीतल्या एका शनिवार-रविवारी मी आणि माझी मैत्रीण दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा शहराला जाऊन आलो. आमच्यामागून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे. पहिली सूचना अशी की, बस, वसतिगृह, सुट्टी यांपैकी काहीही ठरवण्याआधी आलांब्रा या टेकडीवरच्या राजवाडा-किल्ल्यातील नासरी महालांच्या, म्हणजे तिथल्या मुस्लिम सुलतानांच्या महालांच्या, प्रवेशाची वेळ मिळवावी आणि बाकीचे दोन दिवस त्या वेळेभोवती बसवावेत. आपल्याकडे हे नाव अल्हंब्रा असे लिहितात, परंतु स्पॅनिशमध्ये ‘ह’चा उच्चार होत नाही, त्यामुळे तिथे रस्ता विचारताना आलांब्रा असेच म्हणावे.

ज्या तिकिटात संपूर्ण परिसर पाहता येतो ते साधारण 20 युरोंच्या आसपास असते. त्यावर प्रवाशाचे नाव, पारपत्राचा क्रमांक आणि नासरी महालांत शिरण्याची नेमकी वेळ छापलेली असते. आल्कासाबा हा किल्ला आणि खेनेरालिफेच्या बागा त्या दिवशी आपल्या सोयीने पाहता येतात, महालांची वेळ मात्र चुकली तर प्रवेश गेला असे समजावे. आम्ही दोन महिने आधी प्रयत्न केला, तरीही शनिवारची दुपारी साडेबाराची वेळ कशीबशी मिळाली. तिकिटे संपलेली दिसली तर रद्द झालेली तिकिटे अधूनमधून परत विक्रीला येतात, म्हणून रोज एकदा अधिकृत संकेतस्थळ पाहत राहावे. ग्रानादा कार्ड या एकत्रित पासातही महालांचा समावेश असतो. महाल वगळून फक्त बागा आणि किल्ला दाखवणारे वेगळे तिकीटही मिळते. घाईत चुकून तेच घेतले जाऊ नये.

माद्रिदहून जलद रेल्वेही आहे, पण आम्ही खर्चाच्या दृष्टीने बस निवडली. मेंदेस आल्वारो या मेट्रो स्थानकाला लागून असलेल्या दक्षिण बसस्थानकावरून शुक्रवारी दुपारी निघालो आणि सुमारे पाच तासांनी पोहोचलो. देस्पेन्यापेर्रोसची खिंड ओलांडून बस आंदालुसिया या दक्षिणेकडच्या प्रदेशात उतरली की खाएन प्रांतातील ऑलिव्हच्या बागा सुरू होतात आणि डोंगरामागून डोंगर जातात तरी त्या सरत नाहीत. उजेडात हा भाग पाहता येईल अशी बस घ्यावी. ग्रानादाचे बसस्थानक जुन्या शहरापासून बरेच दूर आहे. तेथून शहर बस मिळते, त्यामुळे सामान ओढत चालत जाण्याचा विचार करू नये. राहण्यासाठी प्लासा नुएवा या चौकाच्या परिसरात एखादे साधे वसतिगृह पाहावे, म्हणजे पुढचे जवळजवळ सगळे पायी होते.

या शहराच्या नावाचा स्पॅनिश अर्थ डाळिंब असा आहे. रस्त्यांच्या नामफलकांवर, लोखंडी खुंटांवर, दरवाज्यांवर जिथेतिथे डाळिंब दिसते. प्लासा नुएवापासून कुएस्ता दे गोमेरेस हा चढ आलांब्राकडे जातो आणि त्याच्या माथ्यावरच्या सोळाव्या शतकातील कमानीवर दगडात कोरलेली तीन डाळिंबे आहेत. ती पाहून सांगोल्याच्या बागांची आठवण होणे आम्हा दोघींनाही अगदी साहजिक वाटले.

शनिवारी सकाळी मात्र आम्ही चढ न चढता सी-30 क्रमांकाची छोटी बस घेतली. ती प्लासा इसाबेल ला कातोलिका या चौकातून सुटते. तिथे राणी इसाबेल आणि तिच्यासमोर आपली योजना मांडणारा कोलंबस यांचा पुतळा आहे. ग्रानादाजवळच्या सांता फे या गावी 1492 च्या एप्रिलमध्ये त्यांचा करार झाला आणि पूर्वेकडचा, म्हणजे आपल्या बाजूचा, सागरी मार्ग पश्चिमेकडून शोधण्यासाठी कोलंबस निघाला. भारतातून आलेल्या दोन विद्यार्थिनींनी त्या पुतळ्याखाली बसची वाट पाहावी, या योगायोगाचे आम्हाला फार अप्रूप वाटले.

बस वर पोहोचल्यावर मैत्रिणीच्या लक्षात आले की तिचे पारपत्र वसतिगृहातच राहिले आहे. तिच्या भ्रमणध्वनीत त्याचे छायाचित्र होते, पण तिकिटावरचे नाव मूळ ओळखपत्राशी ताडून पाहतात, हे आम्हाला ठाऊक होते. ती परत खाली गेली आणि पारपत्र घेऊन येईपर्यंत सकाळचा जवळजवळ एक तास गेला. महालांची वेळ साडेबाराची असल्यामुळेच आमचे नुकसान थोडक्यात निभावले. तेव्हा पारपत्र किंवा स्पेनचे निवासपत्र आदल्या रात्रीच पिशवीत ठेवावे. पाठपिशवी लहान असावी, कारण मोठे सामान आत नेऊ देत नाहीत.

आता जे मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे त्याकडे येते. बरेच लोक आधी महालांत शिरतात आणि मग दमलेल्या पायांनी बागांकडे वळतात. माझा आग्रह असा की, वेळ सकाळी फार लवकरची नसेल तर वरच्या प्रवेशद्वाराने खेनेरालिफेत शिरावे, तेथून महालांकडे आणि शेवटी आल्कासाबाकडे उतरत यावे, कारण या डोंगरावर पाणीही याच दिशेने वाहते आणि हे सारे स्थापत्य पाण्यावर उभे आहे. मी छत्रपती संभाजीनगरची. नळाला कित्येक दिवसांनी येणारे पाणी पिंपांत भरून ठेवण्यात आमचे बालपण गेले आणि त्याच शहरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी डोंगरातले पाणी भूमिगत नहरींनी खेळवले होते, हे आम्हाला पाणचक्कीच्या हौदापाशी उभे करून शाळेत शिकवले गेले. त्यामुळे आलांब्रात माझी नजर नक्षीच्या आधी पाटाकडे जात होती.

1238 मध्ये नासरी घराण्याचा पहिला सुलतान मुहम्मद याने या टेकडीवर वस्ती करायचे ठरवले, तेव्हा टेकडी उंच आणि दार्रो नदी खाली अशी अडचण होती. त्याने नदी जिथे पुरेशा उंचीवर आहे अशा, सुमारे सहा किलोमीटर वरच्या ठिकाणाहून पाणी वळवले आणि डोंगराच्या कडेने हलका उतार देत ते टेकडीच्या माथ्यावर आणले. या राजपाटाला आसेकिया रेआल म्हणतात. आसेकिया हा शब्द अरबीतून स्पॅनिशमध्ये आला आहे आणि त्यासाठी पाट हाच आपला नेमका शब्द आहे. खेनेरालिफेच्या मुख्य चौकातून हाच पाट मधोमध वाहतो. तिथे दोन्ही बाजूंनी उडणारी आणि छायाचित्रांत हमखास दिसणारी कारंजी एकोणिसाव्या शतकातली भर आहे. मूळ कल्पनेत पाणी शांत होते, हे लक्षात ठेवून पाहिले तर चौक वेगळाच दिसतो.

त्याच्या वर ‘पाण्याचा जिना’ आहे आणि तो चुकवू नये. या जिन्याच्या दोन्ही कठड्यांवर पन्हळी केलेल्या असून त्यांतून पाणी सतत खाली धावत असते. हात कठड्यावर ठेवायला जावे तर तो पाण्यात बुडतो. आम्ही गेलो त्या सकाळी थंडी बोचरी होती, सिएरा नेवादाची शिखरे बर्फाने पांढरी झाली होती, तरीही मी हात त्या पन्हळीत धरून तीन वेळा जिना चढले-उतरले. मैत्रीण म्हणाली, “अगं, बोटं निळी पडतील तुझी, चल आता.” तरीही आम्ही तिथे बराच वेळ थांबलो. माझ्या मते खेनेरालिफेसाठी दीड तास तरी राखून ठेवावा. तेथून महालांच्या दाराशी पोहोचायला वीस मिनिटे लागतात आणि दारापाशी रांग असते, हेही हिशेबात धरावे.

नासरी महालांत आत गेल्यावर मागे फिरता येत नाही, म्हणून प्रत्येक दालनात सावकाश थांबावे. मेंदीसारख्या झुडपांच्या चौकात सुमारे 34 मीटर लांबीचे तळे आहे आणि त्याच्या दोन टोकांना असलेल्या थाळ्यांतून पाणी इतक्या हळुवारपणे आत सोडले आहे की पृष्ठभागावर तरंग उठत नाही. कोमारेसचा बुरूज त्यात जसाच्या तसा उलटा दिसतो. बुरुजाच्या पोटातील राजदूतांच्या दालनाचे लाकडी छत आठ हजारांहून अधिक तुकडे जोडून केलेले आहे आणि ते सात स्वर्गांचे रूपक मानले जाते. पुढे सिंहांचा चौक येतो. तो चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाचव्या मुहम्मदाने बांधला. बारा संगमरवरी सिंहांच्या पाठीवर तोललेल्या थाळ्यावर कवी इब्न झमरक याच्या ओळी कोरलेल्या आहेत. पाणी आणि संगमरवर एकमेकांत असे मिसळले आहेत की वाहते आहे ते नेमके कोणते हे कळू नये, अशा आशयाची कल्पना त्यांत आहे. अरबी वाचता येत नसले तरी सर्व भिंतींवर पुन्हा पुन्हा येणारे एक वाक्य थोड्या वेळाने आकाराने ओळखू येऊ लागते. ‘ईश्वरावाचून कोणी विजेता नाही’ हे या घराण्याचे ब्रीदवाक्य आहे.

याच परिसरात स्पेनवर राज्य करणाऱ्या सम्राट पाचव्या कार्लोसचा राजवाडा आहे. तो बाहेरून चौकोनी आणि आत गोल अंगणाचा आहे. तो तिकिटाशिवायही पाहता येतो आणि अर्धा तास पुरेसा होतो. आल्कासाबा हा परिसराचा सर्वांत जुना भाग असून त्याच्या वेला बुरुजावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. खालच्या सपाट मुलखातल्या शेतकऱ्यांना रात्री कोणाच्या शेताला पाणी सोडण्याची पाळी आहे हे कळावे म्हणून ही घंटा ठरावीक वेळी वाजवली जात असे. पाणीपाळी हा शब्द माझ्या आजोबांच्या तोंडून मी लहानपणी रोज ऐकत असे. त्या घंटेखाली उभी राहून तो मी मैत्रिणीला समजावून सांगितला. हिवाळ्यात परिसर संध्याकाळी सहा वाजता बंद होतो, उन्हाळ्यात आठ वाजता.

खाण्याविषयी, विशेषतः शाकाहारी मंडळींसाठी, थोडे सविस्तर लिहिते. ग्रानादात पेय मागवले की त्याबरोबर तापा, म्हणजे छोटी बशीभर खाणे, विनामूल्य येते आणि दारू नको असेल तरी ही पद्धत बहुतेक ठिकाणी लागू असते. अडचण इतकीच की बशीत काय येईल ते उपाहारगृह ठरवते आणि त्यात बहुधा डुकराचे मांस असते. त्यामुळे पेय मागवतानाच “सोय बेखेतारियाना” (पुरुषांनी “बेखेतारियानो”), म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, असे सांगावे आणि त्याला “सिन कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन”, म्हणजे ‘मांस, मासे, खामोन काहीही नको’, ही जोड अवश्य द्यावी, कारण वाळवलेले मांस म्हणजे खामोन अनेकांच्या लेखी ‘मांस’ या सदरात येत नाही. साल्मोरेखो या टोमॅटोच्या थंड सारावरही ते भुरभुरलेले असते. आम्हाला सर्वांत आवडले ते तळलेल्या वांग्यांचे काप, ज्यांवर गडद मधासारखे काहीतरी ओतलेले होते. पहिला घास घेताच कोल्हापूरची माझी मैत्रीण जवळजवळ ओरडलीच, “काकवीच की गं ही!” आणि ती खरोखरच उसाची काकवी होती. अरबांनी ऊस या किनारपट्टीवर आणला. वांग्यासाठी असलेला बेरेन्खेना हा स्पॅनिश शब्दही संस्कृतातून फारसी आणि अरबीच्या वाटेने तिथे पोहोचलेला आहे. रात्रीचे जेवण साडेआठच्या आधी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये आणि रविवारी किराणा दुकाने बहुतांशी बंद असतात, म्हणून फळे-पाव शनिवारीच घेऊन ठेवावेत.

शनिवारी संध्याकाळी आम्ही आल्बाइसीन या जुन्या वस्तीत चढलो. सान निकोलासच्या चौकातून आलांब्रा आणि मागची बर्फाची रांग समोरासमोर दिसते, पण सूर्यास्ताला तिथे पाय ठेवायला जागा नसते. शेजारीच 2003 साली उघडलेल्या नव्या मशिदीची बाग आहे. ती उघडी असेल तर तेच दृश्य निवांतपणे पाहता येते. अंधार पडल्यावर गल्ल्यांत वाट चुकते आणि फरसबंदी गुळगुळीत असते, म्हणून चांगली पकड असलेले बूट घालावेत. दोघीच असल्यामुळे आम्ही निर्जन बोळ टाळून वर्दळीच्या वाटेने खाली आलो आणि एकट्याने जाणाऱ्यांनीही तसेच करावे.

रविवारी सकाळी दार्रोच्या काठाने चालत अकराव्या शतकातील एल बान्युएलो हे स्नानगृह पाहिले, ज्याच्या घुमटांत ताऱ्यांच्या आकाराची छिद्रे आहेत आणि त्यांतून ऊन जमिनीवर उतरते. नंतर स्पेनच्या राजघराण्याच्या समाधिमंदिरात गेलो. ते रविवारी इतर दिवसांपेक्षा उशिरा उघडते. वर संगमरवरात कोरलेले भव्य पुतळे आणि खाली तळघरात राणी इसाबेल व तिचा पती राजा फेर्नांदो यांच्या साध्या, काळपट शवपेट्या अशी ती रचना आहे. 2 जानेवारी 1492 रोजी शेवटच्या सुलतानाने शहर याच दोघांच्या स्वाधीन केले. त्या वेळी मुस्लिम प्रजेला धर्मपालनाचे वचन दिले गेले होते आणि दहा वर्षांच्या आतच ते मोडून सक्तीने धर्मांतरे झाली. आदल्या दिवशी महाल पाहून आलेल्या माणसाला त्या तळघरात हे आठवल्यावाचून राहत नाही आणि ते आठवावे असेच मला वाटते. मंदिराच्या बाहेर काही स्त्रिया रोजमेरीची डहाळी हातात देतात आणि मग हात पाहून पैसे मागतात. डहाळी हातात न घेता शांतपणे पुढे जावे.

परतीची बस दुपारी चारच्या सुमारास घेतली तर रात्री नऊपर्यंत माद्रिद गाठता येते आणि शेवटच्या मेट्रोची चिंता राहत नाही. रविवारच्या बसगाड्या विद्यार्थ्यांनी भरून जातात, म्हणून जाताना आणि येताना दोन्ही आसने एकाच वेळी आरक्षित करावीत. पाण्याच्या बाटल्या मात्र विकत घेऊ नयेत. ग्रानादाच्या नळाला सिएरा नेवादाचे चांगले, पिण्यायोग्य पाणी येते. आम्ही निघण्यापूर्वी आमच्या दोन्ही बाटल्या चौकातल्या सार्वजनिक नळावर भरून घेतल्या आणि माझ्या बाटलीतले पाणी खाएनच्या ऑलिव्हबागा मागे पडेपर्यंत थंड होते.